तोटीचा रंग

"छान आहे की. कुणाचा आहे हा?" असे मामींनी विचारले, तेव्हा मला आधी वाटले की त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नसावा. चष्मा होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, परभणीच्या घराच्या पुढच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या भरपूर उजेडात त्यांनी तो तंबाखू ओढायचा पाइप हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि लग्नघरात कुणी आहेराची वस्तू दाखवल्यावर बोलावे तितक्याच मोघम कौतुकाने माझ्याकडे परत केला. त्या पाइपवर मी तीन आठवडे खपलो होतो. "मामी, मामांचाच आहे," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा पाहिले. लाकडी वाटीवरून अंगठा फिरवला, आणि तिथे बहुधा ओळख पटली, कारण काठावर काड्यांनी जळून पडलेल्या खळग्यात तो अंगठा नेमका जाऊन बसला. मग नजर पुढे काळ्या चकचकीत तोटीकडे गेली आणि त्या थांबल्या. "यांचा? यांचा असा कुठं होता?" एवढे म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या गाडीत जालना येईपर्यंत मला दुसरे काही सुचले नाही.

पाइपचा जो भाग दातांत धरतात त्याला जाणकार स्टेम म्हणतात; मामींच्या घरात त्याला तोटी म्हणत आणि मला तोच शब्द जवळचा आहे. मामा २०१३ साली गेले. तेव्हापासून त्यांचा पाइप पुढच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर, चष्म्याच्या घराशेजारी पडून होता. खरे म्हणजे ते हयात असतानाही त्याची जागा तीच होती. तोटी मूळची काळी असते हे मला ठाऊक होते ते पुस्तकी. मी लहानपणापासून जी पाहत आलो ती दातांकडच्या टोकाला शेवाळी, मध्यावर तपकिरी आणि लाकडाला जिथे मिळते तिथे जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखी काळपट होती. बोट फिरवले तर खडू चोळलेल्या फळ्यासारखी खरखर लागे. मागच्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचे ठरले, खिडक्या मोकळ्या करायच्या होत्या, तेव्हा मी पाइप उचलला आणि म्हणालो, "हा मी नीट करून आणतो." मामी म्हणाल्या, "काय नीट करायचंय त्यात?" हा प्रश्न नसून परवानगी आहे, अशी मी माझी सोयीस्कर समजूत करून घेतली.

तोटी ज्या पदार्थाची असते त्याला व्हल्कनाइट किंवा एबोनाइट म्हणतात. पहिले नाव रोमन अग्निदेवतेवरून आले आणि दुसरे आबनुसाच्या काळ्या लाकडावरून. नावे अशी भारदस्त असली तरी वस्तू म्हणजे रबर आणि गंधक. आपल्याकडे पंक्चरच्या टपऱ्यांवर हवेच्या पंपाशेजारी तेलरंगात 'व्हल्कनायझिंग' हा शब्द लिहिलेला असतो. जालना रस्त्यावर मी त्याची 'वलकायझिंग'पासून 'बालकनायझिंग'पर्यंत सगळी रूपे वाचली आहेत. क्रिया तीच. रबर गंधकाबरोबर तापवले की ते उन्हात पाघळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाच्या १८३९ साली ध्यानात आले आणि १८४४ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली, गंधकाचे प्रमाण खूप वाढवून शिंगासारखे कडक रबर करण्याचे पेटंट घेतले. टायरच्या रबराला शेकडा दोन-तीन भाग गंधक पुरते; एबोनाइटमध्ये ते तीस-चाळीस भागांपर्यंत जाते. थोरला गुडइयर १८६० साली कर्जात बुडालेला असताना मेला. ज्या टायर कंपनीला त्याचे नाव आहे ती १८९८ साली निघाली, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तिचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ आमच्या वाळूजला आहे. इतकी वर्षे त्या बाजूने येजा करून मला हे ठाऊक नव्हते. तोटी घासता घासता कळले.

एवढे गंधक पोटात घेऊन बसलेली वस्तू उन्हात ठेवली की काय होते, हे परभणीच्या खिडकीने मला दाखवले. उजेड, हवा आणि ओलावा तिघे मिळून वरच्या थरातले बंध सोडवत जातात. मोकळे झालेले गंधक हवेतल्या प्राणवायूशी मिळते, त्यात लाळेची किंवा पावसाळी हवेची ओल आली की आम्ल तयार होते, आणि तोटीच्या अंगावर तपकिरी, सच्छिद्र असा एक पापुद्रा चढतो. आत सगळे काळेच असते. हा पापुद्रा केसाइतकाही जाड नसतो, पण चवीला भयंकर असतो. काम सुरू करण्याआधी मी दार लावून घेतले आणि ती तोटी एकदा तोंडात धरून पाहिली. काडेपेटीच्या गुलाचा, फुसक्या फटाक्याचा, किंचित आंबट असा कडवटपणा जिभेच्या कडांना लागला आणि संध्याकाळच्या भाकरीपर्यंत गेला नाही. मामा ही चव वर्षानुवर्षे तोंडात बाळगून होते, याचे मला तेव्हा प्रथम आश्चर्य वाटले.

मामा १९५४ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकायला गेले. मराठवाड्यातल्या मुलांना तेव्हा तीच वाट होती. गेले तेव्हा गाव हैदराबाद संस्थानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात गेले आणि मामा शेवटची दोन वर्षे परराज्यातले विद्यार्थी म्हणून शिकले. निकालानंतर आबिड्सच्या एका दुकानातून त्यांनी हा पाइप घेतला, असे ते सांगत. किंमत दर वेळी वेगळी सांगत. पाटबंधारे खात्यात लागल्यावर त्यांची बरीच नोकरी जायकवाडीवर गेली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणला धरणाची पायाभरणी केली तेव्हा ते मांडवाच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टँकरची व्यवस्था पाहत होते आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले तेव्हा ते तापाने घरी पडले होते. म्हणजे दोन्ही वेळा त्यांना समोरून काही दिसले नाही, याची तक्रार ते मोठ्या चवीने करीत. पुढे डाव्या कालव्याच्या कामावर होते. दोनशे आठ किलोमीटरचा तो कालवा परभणीच्या बाजूला येतो आणि मामाही त्याच्या मागोमाग परभणीला आले, असे घरात गमतीने म्हणत. जीपच्या पुढच्या काचेपाशी, मोजणीच्या टेबलावर, वाळूच्या ढिगावर उपड्या ठेवलेल्या टोपीत, असा तो पाइप या सगळ्या काळात उन्हात पडून राहिलेला आहे.

साहेबांचा पाइप हे त्या काळी एक प्रस्थ होते, हे कबूल केले पाहिजे. कालव्यावरचे मजूर तळहातावर चुना-तंबाखू मळत, मुकादम विडी ओढत आणि साहेब पाइप. त्यात अंतर राखणे होते. मला मामांचा फार लळा होता, तरी त्यांच्या पाइप धरण्यात एक बतावणी होती असे मला तरुणपणी वाटे आणि आजही ते मत पुरते गेलेले नाही. कारण त्यांचेच वडील, म्हणजे माझे आजोबा, चिलीम ओढत. मातीची चिलीम, तळाशी तंबाखू आत ओढली जाऊ नये म्हणून घातलेला खडा आणि खालच्या तोंडाला गुंडाळलेली ओली छापी. ती छापी म्हणजेच त्यांची तोटी. ती तपकिरी झाली की आजी धुवून दोरीवर टाके, विटली की दुसरी चिंधी येई. चिलीम फुटली की कुंभाराकडून नवी येई. तिथे जुने नवे करण्याचा प्रश्नच नव्हता. आजोबांसमोर मामांनी पाइप कधी ओढला नाही. ते ओसरीवर येताना दिसले की पेटता पाइप सदऱ्याच्या खिशात जाई, आणि एका खिशाला पडलेले भोक मामींनी रफू केलेले मी पाहिले आहे. आजोबांना सगळे माहीत असणार. धूर काही खिशात मावत नाही.

आम्हा भाचरांना त्या पाइपला हात लावायची मुभा होती, पण एक नियम होता. पाइप गरम असताना तोटी ओढून काढायची नाही. सुतार चौकटीला जसे कुसू काढतात तसे तोटीच्या टोकाला एक कुसू असते आणि ते लाकडाच्या भोकात घट्ट बसते. पाइप तापला, ओलावला की लाकूड फुगते. अशा वेळी ओढाताण केली तर कुसू मोडते नाहीतर लाकडाला चीर जाते. निवल्यावर उजवीकडे पिळत, हळू काढायची. मामा हे इतक्या गंभीरपणे समजावत, की धरणाचा दरवाजा उघडण्याची कृती सांगत आहेत असे वाटावे. पुढे पन्नास वर्षांनी सिडकोतल्या माझ्या गॅलरीत मी ती तोटी पहिल्यांदा वेगळी केली, तेव्हा आपोआप उजवीकडे पिळली गेली.

आणि तिथून पुढे मी पहिलीच चूक केली.

मळलेली वस्तू गरम पाण्यात साबण घालून भिजवावी, हे शिक्षण घरातले. मी तोटी कढत पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी ती होती त्यापेक्षा वाईट, ओल्या मोहरीच्या रंगाची झाली होती. एबोनाइटला गरम पाणी चालत नाही. उन्हाने दहा वर्षांत केले असते ते पाणी एका रात्रीत करते. ही माहिती मी नंतर वाचली, जशी मी बहुतेक माहिती नंतरच वाचतो. काही लोक ब्लीचमध्ये भिजवतात. पापुद्रा विरघळतो खरा, पण खालचा पृष्ठभाग देवीचे व्रण उठल्यासारखा खवखवीत होतो आणि तोटीवर कारखान्याची खूण असेल तर ती आधी व्हॅसलीनने झाकावी लागते. या तोटीच्या अंगावर पांढऱ्या रंगात एक अर्धवट अक्षर होते. कोणते ते नक्की सांगता येऊ नये इतके झिजलेले. ते जपायचे म्हणून मी ब्लीचच्या वाटेला गेलो नाही.

आतली नळी साफ करायला जी तारेची लवचीक ब्रशे मिळतात ती आमच्या शहरात सापडली नाहीत. मग देवाजवळच्या डबीतल्या कापसाच्या वाती घेतल्या, बारीक तारेवर पिळल्या, औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि तोटीतून ओढल्या. पहिली वात डांबरासारखी निघाली. पाचवी काळ्या चहासारखी, बारावी दुधाच्या चहासारखी. सतराव्या वातीला पांढरा रंग दिसला तेव्हा बायको मागे उभी होती. "देवाच्या वाती आहेत त्या," ती म्हणाली. त्यावर काही बोलण्यासारखे नव्हते. खोलीभर एक वास पसरला होता, जळक्या लाकडाचा आणि त्याखाली ओल्या गुळाचा, मनुकांचा. मामांचा तंबाखूचा डबा उघडला की यायचा तो. तो वास आवडतो हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण तंबाखूने काय होते हे मराठवाड्यात कुणी कुणाला सांगावे लागत नाही, प्रत्येकाच्या घरात एखादे नाव असते. तरीही मी त्या सतरा वाती लगेच टाकल्या नाहीत.

घासण्यासाठी मोंढा नाक्याजवळ गाड्यांच्या रंगाचे सामान मिळते तिथून वॉटर पेपर आणला. चारशे नंबर, सहाशे, आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. दुकानदाराने विचारले, कोणती गाडी? मी म्हणालो, जुनी आहे. तोटी आणि लाकूड जिथे मिळतात तिथली धार गोल होऊ नये म्हणून श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची एक चकती कापून कुसवात अडकवली आणि मग थंड पाण्यात कागद बुडवून घासायला बसलो. या कामाचा एक स्वभाव आहे, तो कळायला मला चार दिवस लागले. ओली असेतो तोटी काळीभोर दिसते. तुम्हाला वाटते झाले. फडक्याने पुसता, गॅलरीतला वारा लागतो, आणि मिनिटाभरात तो तपकिरी रंग कोपऱ्याकोपऱ्यांतून पुन्हा वर येतो, पाणी टाकून विझवलेल्या चुलीत मागे एखादा निखारा धुमसत राहावा तसा. पुन्हा पाणी, पुन्हा चारशे नंबर. बोटांवर कॉफीसारखा लगदा जमतो, नखांत शिरतो, आणि त्याला पंक्चरच्या दुकानाचा स्वच्छ वास येतो. सगळ्यांत हट्टी जागा म्हणजे दातांमागची उंचवट्याची कड. ओठ जिथे अडकतात ती. तिथे कागद घडी करून, काडीला गुंडाळून, एकेक रेघ काढावी लागते. घाई करून चारशेवरून एकदम हजारावर उडी मारली तर आधीचे ओरखडे झाकून राहतात आणि शेवटच्या चमकीत सगळे मिळून साक्ष देतात. मी दोनदा मागे आलो.

दातांच्या खुणांपाशी मी थबकलो नाही, आणि हे मला आज खटकते. वरच्या अंगाला एक खोल खड्डा होता, खालच्या अंगाला दोन उथळ. डॉक्टरांनी १९९५ साली मामांना तंबाखू सोडायला लावली. छातीत दुखले होते, आणि मामा हिशेबी माणूस. त्यांनी त्या दिवसापासून एक काडी ओढली नाही. पण पाइप सोडला नाही. रिकामा, विझलेला पाइप दातांत धरून ते पुढची अठरा वर्षे खिडकीपाशी बसले. वर्तमानपत्र वाचताना, शब्दकोडे सोडवताना, मॅच पाहताना तो तोंडात. धूर नाही, गंध नाही. नुसती तोटी चावत. म्हणजे हे खड्डे पाइप ओढण्याचे नव्हतेच, न ओढण्याचे होते. आणि ती गंधकाची कडू चवही त्याच अठरा वर्षांची. तंबाखूच्या धुरात ती दबून जाते. रिकाम्या पाइपात तीच तेवढी उरते.

हे सगळे मला तेव्हा ठाऊक होते, तरीही मी लायटर पेटवला. एबोनाइटला आपला मूळचा आकार आठवतो. कारखान्यात ज्या घडणीत ते कडक झाले त्या घडणीकडे ते उष्णता मिळाली की परत जाऊ पाहते. ज्योत सतत हलती ठेवून दातांचा भाग तापवला की दबलेला भाग आपोआप वर येतो. खालचे दोन उथळ खड्डे माझ्या डोळ्यांदेखत, वीस-पंचवीस सेकंदांत, पाण्यावरची रेघ मिटावी तसे मिटले. मला आनंद झाला. खोटे कशाला सांगू, टाळी वाजवावीशी वाटली. वरचा खड्डा खोल होता, तो अर्धाच उचलला. मग कोळशाची बारीक पूड फेविक्विकमध्ये कालवून त्यात भरली, वाळल्यावर कानशीने सपाट केली आणि पुन्हा चारशेपासून दोन हजारांपर्यंत गेलो. आता तिथे भिंग लावून पाहिले तरच एक किंचित वेगळी, बिनचमकेची ठिकरी दिसते.

चमक आणण्यासाठी सराफ्यातल्या एका कारागिराकडे गेलो. त्याच्याकडे मोटारीवर फिरणारे कापडाचे चाक आहे, चांदीची निरांजने आणि समया त्यावर उजळतात. त्याने तोटी चाकाला जेमतेम टेकवली, नाक वाकडे केले आणि परत दिली. "काका, रबर आहे हे. चाकाने तापलं तर मऊ पडून खराब होईल. हातानं करा." त्याचे म्हणणे बरोबर होते, चाकाने करणारे करतात, पण कमी वेगाने आणि टेकवून न ठेवता. मी घरी येऊन पितळेच्या भांड्यांचे पॉलिश मऊ बनियनच्या तुकड्यावर घेऊन दोन संध्याकाळी चोळले, थंड पाण्याने धुतले आणि शेवटी औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा हात दिला. गोडे तेल लावू नये, ते खवट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतल्या उजेडात पाहिले तर तोटीत समोरच्या इमारतीची खिडकी वाकडी होऊन दिसत होती.

मामांच्या खिडकीत पाइपशेजारी एक बिदरीची छोटी थाळी होती, राख झाडण्याची. ती उदगीरकडून बिदरला गेले असताना घेतलेली. बिदरीचे ओतकाम जस्ताचे, त्यात थोडे तांबे. मूळ रंग राखाडी. चांदीची तार जडवून झाली की नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती यांचा लेप देतात आणि धातू काळा पडतो, चांदी तेवढी पांढरी राहते. म्हणजे तिथे काळे पडण्यासाठी मोल देतात. बिदरीची थाळी आणि तोटी एकाच कट्ट्यावर, एकाच उन्हात राहिल्या. एक रासायनिक क्रियेने काळी होऊन आली होती आणि दुसरी रासायनिक क्रियेने काळेपण गमावून बसली होती. मामी थाळीला दर दिवाळीला खोबरेल तेलाचे बोट लावतात. तोटीला त्यांनी कधी काही लावले नाही. मामांचे पेनही एबोनाइटचे होते, राजमहेंद्रीचे, हाताने घडवलेले. ते अजून काळे आहे, कारण त्याचा जन्म खिशाच्या अंधारात गेला.

परभणीहून आल्यावर मी जुने फोटो काढून बसलो. "यांचा असा कुठं होता?" याचा मला पुरावा हवा होता. १९६२ सालच्या लग्नानंतरचा एक फोटो आहे, पैठणला काढलेला: मामी खुर्चीवर, मामा मागे उभे, हातात पाइप. फोटोत तोटी काळी दिसते. पण त्या फोटोत मामींची साडीही काळी दिसते, आणि ती मोरपंखी होती असे माझ्या आईने शंभर वेळा सांगितले आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत तपकिरी तोटी कशी दिसेल? काळीच. हैदराबादच्या दुकानातला तो पाइप नवा होता की कुणीतरी वापरून विकलेला, हेही मामांनी कधी सांगितले नव्हते, आणि त्या बदलत्या किमतीचे कारण कदाचित तेच असेल. मामींनी तो काळा पाहिला असेल आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या तपकिरी रंगाखाली तो बुजला असेल. किंवा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असेल. मी मूळचा रंग आणला असे म्हणत होतो. तो दुकानाचा मूळ रंग होता.

त्या संक्रांतीला मामी चहा घेऊन आल्या तेव्हा मी जरा ओशाळून विचारले, की पाइप आता कुठे ठेवू, कपाटात? कापडात गुंडाळून, अंधारात ठेवला तर तोटी अशीच राहते, हेही मी सांगितले. मामींनी पाइप माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी गेल्या आणि नव्या रंगाच्या कट्ट्यावर चष्म्याच्या घराशेजारी ठेवला. "राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "उन्हानं येईल रंगावर." मग मला तिळगूळ दिला.

मे महिन्यात पुन्हा गेलो. परभणीचा मे काय असतो ते सांगायला नको. दुपारी खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसतो. पाइप तिथेच होता. तोटीवरची चमक मावळली होती आणि खिडकीकडच्या अंगाला, वरच्या बाजूने, फिकट तपकिरी झाक आली होती; माझ्याकडचे अंग मात्र अजून काळे होते. मी वाकून पाहतो आहे हे मामींनी पाहिले. त्या पापड वाळत घातलेल्या गच्चीवरून नुकत्याच खाली आल्या होत्या, पदराने मान पुसत होत्या.

"एकाच अंगानं येतोय," त्या म्हणाल्या. "मी फिरवून ठेवते मधून मधून."